यदृच्छया म्हणजे कसंही?

रँडम म्हणजे कसंही, असं माझ्यासमोर कुणी म्हणलं की माझं डोकं सणकतं. अजूनही. वय झालं, बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणतात चिडू नका. नाही जमत. परवा भाचीची पोरगी मला म्हणाली, "आजी, तू किती रँडम बोलतेस!" मी म्हटलं, "बाई गं, मी उगाच बोलत असेन, भलतंसलतं बोलत असेन, वाट्टेल ते बोलत असेन. पण रँडम नाही बोलत. माणसाला रँडम बोलताच येत नाही." ती मोबाइलमधून मान वर न काढता "बरं बरं" म्हणाली.

तीस वर्षं मी ह्या शहरातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. दरवर्षी रँडमच्या धड्याला मी फळ्यावर दोन शब्द लिहायचे. एका बाजूला 'कसंही', दुसऱ्या बाजूला 'यादृच्छिक', आणि मधे खडूची जाड रेघ. ही रेघ जो पुसेल त्याला वर्गाबाहेर काढीन, असं बजावायचे. पोरं हसायची. हसणारच, त्यांना काय माहीत! मी एकोणीस वर्षांची असताना हीच रेघ मी स्वतः पुसली होती, आणि त्यापायी माझ्या वडलांच्या सेवापुस्तकात, निवृत्तीला आठ महिने उरले असताना, पक्षपात केल्याचा ठपका बसला. अख्ख्या नोकरीतला पहिला आणि शेवटचा.

आबा, म्हणजे माझे वडील, इथल्या जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकून होते. निजामाच्या अमदानीत लागलेले. घरात बोलणं मराठी, पोथी मराठी, भांडण मराठी; पण शाळा सगळी उर्दूतून झालेली, त्यामुळं कागद म्हटला की उर्दू. अक्षर असं की साहेब लोक मसुदा वाचायच्या आधी नुसता बघत बसायचे. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि आबांना त्याचा आनंदच झाला होता. पण राज्य बदललं तशी हळूहळू कागदाची भाषाही बदलली. काही वर्षं इंग्रजी चाललं, मग मराठी आली. "चला, आपली भाषा आली," असं आबाच घरी येऊन म्हणाले होते. आणि पहिलं मराठी परिपत्रक हातात पडलं तेव्हा आईला विचारायला लागले, "अगं, ही कुणाची आपली भाषा?"

कारण त्यात 'उपरोक्त' होतं, 'अन्वये' होतं, 'पृष्ठांकन' होतं. हुकमाचा आदेश झाला, तपासाचं अन्वेषण झालं. मी स्पष्टच सांगते, ज्या भाषेत माझी आई भाजीवाल्याशी हुज्जत घालायची त्या भाषेचा आणि ह्या कागदांचा काडीचा संबंध नव्हता. कुणीतरी लांब बसून एकेक उर्दू शब्द खड्यासारखा वेचून काढत होता आणि त्याच्या जागी संस्कृत बसवत होता. काढा ना, माझं काही म्हणणं नाही! पण ज्याला तो कागद वाचून उद्या सकाळी काम करायचंय त्याला तो कळेल का, हे कुणी बघायचं? आबांनी मराठीची खात्याची परीक्षा दिली, पास झाले. पन्नाशीचा माणूस सकाळी आंघोळ करून, वही मांडीवर घेऊन 'पृष्ठांकन, पृष्ठांकन' घोकत बसायचा. मला तेव्हा हसू यायचं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

तर त्या वर्षी हापशांचं परिपत्रक आलं. जिल्ह्यातल्या तीसेक गावांनी पिण्याच्या पाण्यासाठी बोअर आणि हापसा मागितला होता. गरज सगळ्यांची सारखी, कागद सगळ्यांचे पुरे, आणि पहिल्या खेपेला हापसे सहाच. म्हणून वरून लिहून आलं की, पात्र गावांमधून सहा गावांची निवड यदृच्छया करण्यात यावी.

साहेबांनी त्यावर काहीतरी खरडून कागद आबांच्या टेबलावर सरकवला. आबांनी विचारलं, "साहेब, यदृच्छया म्हंजे?" साहेब म्हणाले, "अहो, इतकी वर्षं नोकरी केली, तुम्हाला मराठी येत नाही?" त्यांना तरी कुठं येत होतं डोंबलाचं! पण वरच्याचं अज्ञान खुर्चीखाली झाकतं, खालच्याचं चारचौघांत उघडं पडतं.

आम्ही तेव्हा औरंगपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आबा संध्याकाळी आले, चहा घेतला, आणि खिशातून चिठोरं काढून माझ्यापुढं धरलं. त्यावर तो एकच शब्द, जपून जपून काढलेल्या मराठी अक्षरात.

"बाई, एवढा शब्द सांग बरं."

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीची परीक्षा. मी वहीतनं मान न काढता म्हणाले, "रँडम." संख्याशास्त्राच्या पुस्तकाच्या मागं शब्दांची यादी होती, त्यात वाचला होता. धडा अजून व्हायचा होता. पण शब्द येतो ह्याचाच मला केवढा तोरा!

"रँडम म्हंजे?"

"अहो आबा, कसंही. कुठलंही उचलायचं."

"कुठलंही? काई बघायचं नाय? अंतर, वस्ती, काईच नाय?"

"नाही म्हणतेय ना."

ते चिठोऱ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय. यादच आहे की ह्यात. याद आणि इच्छा. म्हंजे जी गावं याद येतील ती लिहायची. असंच ना?"

त्यांच्या उर्दू कानाला त्या 'यद'मध्ये 'याद' ऐकू आली होती. मी नीट ऐकलं असतं तर माझ्याही ध्यानात आलं असतं. पण मला घाई. "हो हो, तसंच. सहा लिहा अन् मोकळे व्हा," असं मी म्हणाले. माझ्या जन्मदात्याला!

आबांनी दुसऱ्या दिवशी तसंच केलं, आणि इमानानं केलं. एका पुढाऱ्याचा माणूस सकाळपासून समोर ठाण मांडून बसला होता. त्याला, "काहीच बघायचं नाही असा हुकूम आहे," असं सांगून परत लावलं. कुणाची शिफारस नाही, कुणाचा चहासुद्धा नाही. यादी एकदा वाचली, उलटी ठेवली, आणि जी गावं मनात आली ती एका दमात लिहून काढली. साहेबांनी न वाचता सही ठोकली.

त्या सहांतली चार देवगाव रंगारीच्या आसपासची निघाली. का नाही निघणार? ऐन तरुणपणी आबांनी त्या भागात सायकलीवर फिरून नोकरी केली होती. ओढे, पारावरची माणसं, कुणाच्या घरी ताक प्यालं, सगळं त्यांना पाठ. आणि चारांतलं एक गाव माझ्या आईचं माहेर.

हापसा बसला तशी मामा बोरांची पिशवी घेऊन आला. "दाजी, पाणी लई गोड लागलं बगा," असं म्हणत आबांच्या पायाच पडला. आई दोन-तीन आठवडे चालताना सुद्धा वेगळीच चालत होती. आबांना खरंच त्यात काही वावगं दिसलं नाही. कसंही लिहायचं होतं, कसंही लिहिलं, त्यात बायकोचं गाव आलं तर आलं. मुद्दाम गाळलं असतं तर ते कसंही झालं नसतं, असं त्यांचं म्हणणं. बघा, तर्क तरी कुठं चुकला होता त्यांचा! चुकला होता तो अर्थ, आणि तो माझा होता.

मग बिडकीनच्या बाजूचा एक शेतकरी कचेरीत आला. त्याच्या हातात निवडलेल्या गावांच्या यादीची नक्कल. सगळ्यांदेखत आबांना म्हणाला, "बाबू, आमच्या अंगाची आठ गावं यादीत. एक बी नाय लागलं. अन् तुमच्या सासुरवाडीला बरं लागलं? हे कसं काय वो?" त्याच्या गावच्या बायका पाण्यासाठी मैलभर चालत होत्या. त्या माणसावर माझा तेव्हाही राग नव्हता, आज तर मुळीच नाही. त्याच्या जागी मी असते तर टेबल उलथून टाकलं असतं.

माझा राग साहेबांवर. तक्रार वर गेली, चौकशी लागली आणि साहेबांनी लेखी दिलं की, मी कारकुनावर विश्वास टाकला. टाकला! कागद वाचायचे कष्ट नकोत म्हणून टाकला, असं लिहायचं की मग. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कचेरीत लोक आबांना ऐकू जाईल असं बोलायचे, "काय योगायोग असतो एकेक! कावळा बसायला अन् फांदी तुटायला." आमच्या आळीत तर एकानं, "आता हर्सूलची हवा का?" असं विचारलं. हर्सूलला तुरुंग आहे, इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं त्याचा अर्थ. आई दारातून कडाडली, "माझ्या माहेराला पाणी मिळालं हा गुन्हा आहे का? तुमच्या माहेराला काय अमृत येतं?" मामानं निरोप धाडला की एवढंच असंल तर हापसा उपटून न्या म्हणावं. आबा मात्र जेवायला बसायचे, अर्धी भाकरी ठेवून उठायचे. त्यांना नोकरी जायची भीती नव्हती. इतक्या वर्षांत बेइमान म्हणून कुणी बोट दाखवलं नव्हतं, ते आता दाखवणार, आणि तेच बोट घेऊन घरी बसायचं, ह्याची होती.

त्यातच आमच्या वर्गात तो धडा आला.

आमचे सर मोठे मिश्कील. म्हणाले, एक ते तीसमधले कुठलेही सहा आकडे लिहा, अगदी कसेही. आम्ही लिहिले. त्यांनी सगळ्यांचे कागद गोळा केले आणि वाचायला लागले. सात, सतरा, तेरा. पुन्हा सात. पुन्हा सतरा. एक आणि तीस जवळजवळ कुणीच लिहिले नव्हते. लागोपाठचे दोन आकडे कुणी लिहिले नव्हते. कुणी आपल्या जन्माची तारीख लिहिली होती, कुणी हजेरीचा नंबर. सर म्हणाले, "बघितलंत? कसंही निवडा म्हटलं की माणूस आपलंच निवडतो, आणि त्याला ते कळतही नाही. यादृच्छिक म्हणजे कसंही नव्हे. प्रत्येकाला अगदी सारखी संधी, आणि निवडणाऱ्याचं मन त्यातनं साफ काढून टाकलेलं. वाईट मनही काढायचं, चांगलंही काढायचं. त्यासाठी चिठ्ठ्या टाका, फासे टाका, आकड्यांचा तक्ता वापरा. डोक्यातनं काढू नका."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. मी तास अर्धा टाकून उठले. पायीच घरी गेले.

सुट्टी काढून आबा घरीच होते. मी दारातच सांगून टाकलं, "आबा, मी चुकीचा अर्थ सांगितला. चिठ्ठ्या टाकायच्या होत्या."

"चिठ्ठ्या?" ते उभेच राहिले. "म्हंजे कुरआ?"

उर्दूत चिठ्ठ्या टाकून ठरवण्याला कुरआ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. आबांनी तो शब्द तीन-चारदा म्हटला. "अगं, कुरआ तर मी निजामाच्या वक्ताला कितींदा टाकलाय! मडक्यात चिठ्ठ्या टाकायच्या, हलवायचं, सगळ्यांदेखत उचलायच्या. कुणाची काय बिशाद होती शंका घ्यायची!" आणि मग माझे आबा, जे कधी आवाज चढवत नसत, ते ओरडले, "मग चिठ्ठ्या टाका असं का नाय लिहिलं त्यांनी? का नाय लिहिलं?"

मला तो प्रश्न आजही विचारायचाय. कुणाला विचारू? ज्यानं ते परिपत्रक लिहिलं त्याचे 'चिठ्ठ्या टाकून' असं लिहायला हात मोडले होते का? आमच्याकडं भावाभावांत शेताच्या वाटण्या चिठ्ठ्या टाकून होतात. बायकांची भिशी चिठ्ठीवर चालते. निवडणुकीत मतं सारखी पडली तर ईश्वरचिठ्ठी काढतात, आणि देवाचं नाव घेऊन का होईना, हरलेला माणूस गुमान घरी जातो. ज्या लोकांना ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या येते त्यांनाच ती कळणार नाही अशा भाषेत सांगायची, आणि नाही कळली की त्यांनाच आरोपी करायचं! मराठीला मोठं करायला निघाले होते म्हणे. मराठीला कचेरीत आणलं आणि मराठी माणसाला बाहेर उभं केलं.

आणि आणखी एक गोष्ट मला जाळत राहते. शास्त्र शिकले म्हणून कळतं. मडक्यात तीस चिठ्ठ्या टाकून सहा उचलल्या असत्या तर नेमकी हीच सहा गावं निघू शकली असती. आईचं माहेरही निघालं असतं. तोच हापसा, त्याच जागी, तेच गोड पाणी. आणि कुणी ब्र काढला नसता. निवड तीच असूनसुद्धा एक न्याय आणि एक पक्षपात, कारण फरक निकालात नसतोच, तो निकाल कुणाच्या मनातून आला ह्यात असतो. हे बिडकीनच्या त्या शेतकऱ्याला न शिकता कळलं होतं. मला पुस्तक मांडीवर असून कळलं नव्हतं.

मी आबांना म्हटलं, चौकशीत मी येऊन सांगते. आबांनी साफ उडवून लावलं. "कचेरीतली गोष्ट घरी विचारली, हा वर अजून एक गुन्हा. अन् लोक काय म्हणतील? अंगाशी आलं तसं लेकीवर ढकललं?" आई म्हणाली, "अहो, पण खरं आहे ना ते?" आबा म्हणाले, "खरं असलं म्हणून काय झालं?"

चौकशीच्या दिवशी मी न विचारताच कचेरीत गेले. मनात वाक्य तयार होतं: साहेब, अर्थ मी सांगितला, चूक माझी. सकाळपासून शंभरदा घोकलं होतं. शिपायानं मला व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसवलं. दार उघडंच होतं. आत टेबलाच्या पलीकडं चौकशीचे अधिकारी, अलीकडं आबा, पाठमोरे, इस्त्रीचा सदरा घातलेले.

ते अधिकारी वाईट माणूस नव्हते. बाहेरगावहून आलेले, शांत बोलणारे. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हे बघा, तुमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे. मला वाटत नाही तुम्ही मुद्दाम केलं असेल. ह्या शब्दाचा अर्थ तुम्हाला कुणी चुकीचा सांगितला का? तसं असेल तर आत्ता सांगा. मी गैरसमज म्हणून लिहितो. विषय संपतो."

विषय संपत होता. एक वाक्य पुरे होतं. मी उभी राहिले. दारापर्यंत चार पावलं होती फार तर.

आबा म्हणाले, "जी नाही. मी कुणाला विचारलंच नाही."

"नक्की?"

"नक्की. माझ्याच मनानं केलं."

अधिकाऱ्यांनी थोडं थांबून त्यांच्याकडं पाहिलं, मग लिहायला घेतलं. त्या वेळी मी आत शिरले असते तर आबा खोटे पडले असते, असं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. ते कारण नंतर सुचलेलं आहे. त्या क्षणी मला कॉलेज दिसलं, मैत्रिणी दिसल्या, 'हिनं बापाला बुडवलं' म्हणणारी आळी दिसली, आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखं झालं. अधिकाऱ्यांनी कागद फिरवून पुढं केला. माझ्या माहितीत आबा आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि त्याच्याखाली त्यांनी आपल्या नेहमीच्याच देखण्या अक्षरात सही केली.

मी परत बाकड्यावर बसले. मला कुणी बसवलं नव्हतं.